हँडगार्ड सारखा सैल होतो, फिरतो, लिव्हरला लागतो: काय तपासायचं आणि कसं बसवायचं

रॉयल एन्फिल्ड हिमालयन ४११ किंवा तिच्यासारख्या बाईकला अ‍ॅल्युमिनियमच्या पट्टीचा, दोन्ही टोकांना धरणारा हँडगार्ड बसवला की पहिले काही दिवस काहीच तक्रार नसते. मग एखादा घाट होतो, खडीचा रस्ता लागतो, आणि डावा गार्ड खाली झुकलेला दिसतो. एलन की (षटकोनी किल्ली) काढून आपण तो पुन्हा वर करतो आणि बोल्ट आणखी आवळतो. पुढच्या राईडला परत तेच. काही फेऱ्यांनंतर बोल्टचे आटे जातात, आणि मग दुकानदार सांगतो की क्लॅम्पच नवीन घ्या.

नवीन क्लॅम्प घेण्याआधी हे वाचा, कारण तोही तसाच सैल होणार आहे. सारखा सैल होणारा गार्ड बहुतेक वेळा कमी आवळलेला नसतोच, तो ताणून बसवलेला असतो. पट्टी हँडलबारवर आपसूक बसत नव्हती, तेव्हा ती ओढून-ढकलून भोकात भोक आणलं आणि बोल्ट घातला. आता ती पट्टी स्प्रिंगसारखी रात्रंदिवस मूळ जागी परत जायला बघते. त्यात सिंगल सिलिंडरचं व्हायब्रेशन आणि खड्ड्यांचे धक्के यांची भर पडते. कितीही आवळा, अशी जोडणी टिकत नाही. पुढे फिरणं, लिव्हरला लागणं, रेस अडकणं अशा ज्या तक्रारी आहेत, त्यातल्या निम्म्या-अधिक या एकाच मुळातून निघतात.

आज गाडी घेऊन निघणार असाल तर आधी एवढं

सैल गार्डचा खडखडाट सहन करता येतो. पण तीन गोष्टींमध्ये तडजोड नको.

इंजिन बंद ठेवून थ्रॉटल पूर्ण पिळा आणि हात एकदम सोडा. तो टक्कन मागे यायला हवा. हँडल सरळ असताना, पूर्ण डावीकडे वळवून आणि पूर्ण उजवीकडे वळवून, असं तिन्ही ठिकाणी करून बघा. कुठेही तो आळसावून परत आला किंवा मध्येच थांबला, तर गाडी काढू नका.

दुसरं, गाडी मेन स्टँडवर घ्या, मागच्या सीटवर कोणाला तरी बसवून पुढचं चाक अधांतरी करा आणि हाताने फिरवा. पुढचा ब्रेक दाबून सोडा आणि चाक पुन्हा फिरवा. पॅडचा बारीक घासल्याचा आवाज येणं चालतं, पण चाक जड लागता कामा नये.

तिसरं, चावी चालू करा, कुठलाही ब्रेक न दाबता मागे जाऊन बघा. ब्रेकचा लाल दिवा लागलेला असेल, तर गार्ड पुढच्या लिव्हरला दाबतोय अशी दाट शक्यता आहे.

यातलं काहीही बिनसलं असेल तर गार्ड सरळ उतरवा, मूळचं बार-एंडचं, म्हणजे हँडलबारच्या टोकावरचं, वजन परत लावा आणि तसेच जा. गार्डशिवाय फार तर लिव्हर मोडेल. चुकीच्या गार्डमुळे घाटात पुढचं चाक धरू शकतं. ते कसं, हे खाली सविस्तर सांगतो.

गार्ड कोणता, हँडलबार कोणता

दोन जाती आहेत. एक नुसता प्लास्टिकचा, एकाच ठिकाणी क्लॅम्प किंवा आरशाच्या बोल्टवर अडकणारा. हीरो एक्सपल्सला कंपनीकडून येतात ते नकल गार्ड या जातीचे. वारा, पाऊस, करवंदीच्या काट्यांचे फटकारे, पुढच्या गाडीच्या चाकाखालून उडणारी खडी, यासाठी ते पुरेसे आहेत. गाडी आडवी झाली की लिव्हर वाचवायची ताकद त्यांच्यात नाही, आणि तशी अपेक्षाही ठेवू नका. हा गार्ड एकाच बिंदूवर धरलेला असल्याने थोडाफार हलणारच. फांदीच्या धडकेने तो फिरला तर हाताने सरळ करायचा.

दुसरी जात म्हणजे आतून अ‍ॅल्युमिनियमची पट्टी असलेला, एक टोक हँडलबारच्या तोंडात आणि दुसरं टोक आत क्लॅम्पवर असा दोन्हीकडे धरलेला. गाडी पडली की जमिनीचा मार पट्टी घेते, लिव्हर आणि ब्रेकचा मास्टर सिलिंडर (लिव्हर दाबल्यावर ब्रेक ऑइलला दाब देणारा भाग) वाचतो. सह्याद्रीतल्या कच्च्या रस्त्यांवर किंवा कोकणातल्या शेवाळलेल्या जांभ्यावर गाडी चालवत असाल तर हाच घ्यावा. पावसाळ्यात जांभ्यावर उभ्या-उभ्या गाडी आडवी होते, वेग लागतच नाही. आणि मोडलेला क्लच लिव्हर घेऊन वीस-पंचवीस किलोमीटर चालवणं हा काय छळ असतो, हे ज्याने केलंय त्यालाच कळतं. या बंद गार्डबद्दल एक आक्षेप घेतला जातो, तो रास्त आहे: पडताना मनगट पट्टी आणि बारच्या मध्ये अडकू शकतं. म्हणून पट्टी आणि बोटं यांच्यात मोकळी जागा हवीच. गार्ड हाताला चिकटून बसवू नका.

आता हँडलबार. ग्रिप आणि लिव्हर बसतात तिथे जवळपास सगळ्या बाईकचा बार बाहेरून २२ मिमी असतो. मध्ये जाड होत जाणारा टेपर्ड बार असेल, तर मधल्या भागात तो २८.६ मिमी होतो आणि त्याला वेगळा क्लॅम्प लागतो. २२ चा क्लॅम्प चढावाच्या भागावर अर्धवट बसवला की तो दोन कडांवरच टेकतो, सपाट पकड मिळत नाही. असा क्लॅम्प फिरणारच, त्यावर दुसरा इलाज नाही.

खरी गफलत बाराच्या आत होते. स्टीलच्या बारची भिंत पातळ असते, म्हणून आतलं भोक साधारण १७-१८ मिमीचं. अ‍ॅल्युमिनियमच्या बारची भिंत जाड, म्हणून भोक १३-१४ मिमीचं. गार्डच्या पाकिटात बहुतेक वेळा दोन मापांचे एक्सपांडर (बारच्या भोकात फुगून धरणारे तुकडे) येतात. त्यातला लहान एक्सपांडर स्टीलच्या बारमध्ये घातला तर तो फुगून फुगून जेमतेम टेकतो, घट्ट वाटतो आणि व्हायब्रेशनने सुटतो. व्हर्निअर असेल तर भोक मोजा. नसेल तर एवढं बघा: एक्सपांडर बोटाने ढकलून आत जावा, पण डुगडुगता कामा नये.

ताण आहे का, हे कसं ओळखायचं

हा भाग नीट करा, बाकी सगळं यावर उभं आहे.

बार-एंडचा बोल्ट घट्ट राहू द्या. आतल्या क्लॅम्पला पट्टी धरणारा बोल्ट पूर्ण बाहेर काढा आणि पट्टीकडे लक्ष ठेवा. बोल्ट निघाल्याबरोबर पट्टी टुणकन वर, खाली किंवा पुढे सरकली, तर ताण आहे. दोन्ही भोकं समोरासमोर राहिली, बोल्ट बोटाने पुन्हा आत गेला, तर ताण नाही, आणि तुमचा दोष दुसरीकडे आहे. एखाद-दुसरा मिलिमीटर फरक असेल तर तो क्लॅम्प किंचित फिरवून जातो. बोटभर फरक असेल तर पट्टीचा आकार आणि तुमच्या बारचा वाक जुळत नाही.

हिमालयनसारख्या गाडीचा बार मागे वळलेला आणि उंच असतो. बाजारात ‘सगळ्या गाड्यांना बसतो’ म्हणून मिळणारा गार्ड मोटोक्रॉसच्या सरळ बारचा आकार धरून बनवलेला असतो. म्हणून पट्टीचं आतलं टोक जिथे यायला बघतं, तिथे नेमका बारचा वाक, स्विचचा डबा किंवा आरशाचा पाया असतो. मग बसवणारा काय करतो? क्लॅम्प मिळेल तिथे लावतो आणि पट्टी त्याच्याकडे ओढतो. हे थांबवायचं.

पट्टीला विचारायचं, तिला कुठे बसायचंय. बार-एंड बोटाने घट्ट करा, पट्टी हाताने धरून अशा कोनात आणा की ती लिव्हरच्या समोरून, पण अंतर ठेवून जाते. आतलं टोक आता बारच्या ज्या जागेसमोर आलं, तिथे क्लॅम्प जायला हवा. त्या जागी स्विचचा डबा किंवा मास्टर सिलिंडरचा क्लॅम्प असेल तर तो थोडा सरकवता येतो का बघा. स्विचच्या डब्याला आतून बारच्या भोकात बसणारी खुंटी असू शकते, म्हणून जबरदस्ती करू नका. डबा सरकत नसेल तर क्लॅम्प आणि पट्टी यांच्यामध्ये स्पेसर घाला. बहुतेक पाकिटांत एक-दोन स्पेसर असतात. नसतील तर कोणताही लेथवाला अर्ध्या तासात हव्या त्या लांबीचे अ‍ॅल्युमिनियमचे बुश करून देतो. त्याला बोल्टचा व्यास आणि हवी ती लांबी सांगा. वॉशरची चळत रचून भागवू नका. प्रत्येक वॉशर हा आणखी एक घसरायचा पृष्ठभाग असतो.

शेवटचा उपाय पट्टी वाकवण्याचा. अ‍ॅल्युमिनियम एकदा, सावकाश, मोठ्या गोलाईत वाकवलेलं चालतं. व्हाइसच्या जबड्यात लाकडाचे तुकडे ठेवून, भोकापासून लांब धरून वाकवा. उलटसुलट वाकवून अंदाज घेत बसलात तर वाकाच्या बाहेरच्या बाजूला केसासारखी चीर पडते आणि पट्टी पुढच्या पडझडीत तिथेच तुटते. ओतीव पट्टी असेल तर ती वाकवूच नका, ती न सांगता तुटते.

आवळण्याचा क्रम

सगळे बोल्ट आधी बोटाने. दोन्ही बाजू लावून झाल्यावर गाडीवर बसा, उभे राहा, लिव्हर चार बोटांनी दाबा, हँडल दोन्हीकडे लॉकपर्यंत फिरवा. सगळं मोकळं असेल तर पहिल्यांदा बार-एंड आवळा. मग क्लॅम्प बारवर आवळा. पट्टी आणि क्लॅम्प यांना जोडणारा बोल्ट सगळ्यात शेवटी. हा क्रम उलटा झाला की शेवटचा बोल्ट पट्टीला ओढून घेतो आणि ताण परत आलाच.

क्लॅम्पला दोन किंवा चार बोल्ट असतील तर थोडं थोडं करत, आलटून पालटून आवळा, म्हणजे दोन्ही बाजूंची फट सारखी राहील. एक बाजू पूर्ण मिटली आणि दुसरी उघडी असेल, तर क्लॅम्प तिरपा धरलाय. टॉर्क रेंच असेल तर एम६ च्या बोल्टला ८ ते १० न्यूटन-मीटर आणि एम८ ला साधारण २०. गार्डसोबत आलेल्या कागदावर वेगळा आकडा असेल तर तोच धरा, कारण अ‍ॅल्युमिनियममध्ये पाडलेले आटे स्टीलइतका जोर सोसत नाहीत. रेंच नसेल तर एलन कीचा लांब दांडा हातात न घेता आखूड बाजूने आवळा. एम६ ला मनगटाचा जोर पुरतो, खांद्याचा नको.

बारवर जिथे क्लॅम्प बसतो ती जागा थिनर किंवा पेट्रोलने पुसून कोरडी करा. ग्रिप बसवताना वापरलेलं साबणपाणी किंवा केबलचं तेल तिथपर्यंत आलेलं असतं. बारवर जाड, गुळगुळीत पावडर-कोटिंग असेल तर क्लॅम्पच्या आतल्या बाजूला बारीक पॉलिश पेपर फिरवा. बार घासू नका, तिथे गंज धरेल.

सायकलच्या ट्यूबचा तुकडा घालायची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे, गॅरेजवालाही तेच सुचवतो. माझा तिला स्पष्ट विरोध आहे. रबर पहिल्या दिवशी छान पकडतं, पण दाबाखाली ते हळूहळू पसरतं आणि पातळ होतं. जेवढं ते पातळ होतं तेवढा बोल्ट सैल होतो, आणि तुम्ही पुन्हा आवळता. क्लॅम्प किंचित मोठा पडत असेल तर अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्याची पट्टी घाला. शीतपेयाच्या कॅनचा पत्रा कापून, कडा घासून वापरला तरी चालतो.

धातूत धातू जाणाऱ्या आट्यांना मध्यम ताकदीचं निळं थ्रेडलॉक (बोल्ट सुटू नये म्हणून आट्यांना लावायचा गोंद) लावा, लॉकटाइट २४३ किंवा तशा जातीचं. आटे आधी स्वच्छ करा, एक-दोन थेंब पुरतात, आणि पूर्ण पकड यायला २४ तास द्या. संध्याकाळी लावून पहाटे ताम्हिणीला निघालात तर त्याचा उपयोग अर्धाच. लाल थ्रेडलॉक नको. ते सोडवायला गरम करावं लागतं, आणि शेजारी प्लास्टिक आणि ग्रिप आहे. प्लास्टिकची ढाल पट्टीला धरणाऱ्या स्क्रूंना थ्रेडलॉक अजिबात लावू नका. ओघळ प्लास्टिकला लागला की काही जातींच्या प्लास्टिकला भोकाभोवती बारीक चिरा पडतात. तिथे नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेला, सहज न सुटणारा नट) वापरा आणि खाली रुंद वॉशर घाला.

सगळं झालं की बोल्टच्या डोक्यावरून क्लॅम्पवर अशी एक सरळ रेघ पेंट मार्करने ओढा. पुढच्या वेळी नुसत्या नजरेने कळतं की बोल्ट फिरलाय का. रेघ जुळलेली आणि तरी पट्टी झुकलेली, याचा अर्थ बोल्ट जागेवर आहे, क्लॅम्प बारवर घसरतोय. रेघ तुटलेली असेल तर बोल्ट सुटतोय. या दोन्हीचे उपाय वेगळे आहेत, आणि ही रेघ नसेल तर आपण अंदाजाने दोन्ही करत बसतो.

बार-एंडचा बोल्ट फिरतच राहतो

एक्सपांडरमध्ये आत शंकूच्या आकाराचा नट असतो. बोल्ट आवळला की तो शंकू बाहेर ओढला जातो आणि बाहेरचं रबर किंवा चिरलेली धातूची नळी फुगून बारच्या भिंतीला धरते. सुरुवातीला काहीच पकड नसल्यामुळे बोल्टसोबत सगळंच गरागरा फिरतं. बोल्ट आवळताना पट्टी हलकेच बाहेर ओढून धरा, शंकूला टेका मिळतो आणि पकड सुरू होते. एकदा धरलं की मग नेहमीसारखं आवळा. आतली भिंत गंजलेली किंवा तेलकट असेल तर काठीला पॉलिश पेपर गुंडाळून साफ करा.

जुनं बार-एंड वजन काढल्यावर आत टॉर्च मारून बघायला विसरू नका. काही बारच्या तोंडात आटे असलेला नट वेल्ड केलेला असतो. अशा बारला एक्सपांडर जाणारच नाही, तिथे त्याच आट्यांचा लांब बोल्ट आणि मापाचा बुश लागतो. बोल्ट विकत घेताना जुना सोबत न्या. आट्यांचं अंतर वेगळं असलेला बोल्ट पहिले दोन फेरे जातो आणि मग वेल्ड केलेल्या नटचे आटे खातो. नट कापून काढायच्या भानगडीत पडू नका.

अ‍ॅल्युमिनियमच्या बारमध्ये धातूचा एक्सपांडर बेताने आवळा. बारचं तोंड फुगून चीर पडू शकते.

थ्रॉटल परत येत नाही किंवा जड झालाय

उजव्या बाजूला ग्रिप ही थ्रॉटलच्या प्लास्टिक नळीवर बसते आणि नळी बारवर फिरते. गार्डचं टोक या नळीला किंवा ग्रिपच्या रबराला टेकलं की ते ब्रेकसारखं घासतं. मध्ये १ ते २ मिमी स्वच्छ फट हवी. जुनं एटीएम कार्ड सहज आरपार जाईल एवढी.

ग्रिपचं तोंड बंद असेल तर बारच्या भोकाएवढं गोल कापावं लागतं. धारदार कटरने, आतून टेका देऊन कापा. रबराची लोंबती कड राहिली तर तीच पट्टीखाली चिमटते. नळी बारच्या टोकापेक्षा बाहेर येत असेल तर आधी बार-एंडला बुश घालून गार्ड बाहेर सरकवा. तेवढ्याने भागलं नाही तरच नळीचं टोक कानशीने थोडं घासा.

इथेही ताणाचा संबंध आहेच. ताणलेली पट्टी बार-एंडचा तुकडा तिरका ओढते, आणि मग वरच्या बाजूला फट दिसते पण खालची कड नळीला घासते. म्हणून फट चारही बाजूंनी बघा. आणि थ्रॉटलचा मोकळा प्ले गार्ड बसवण्याआधी जेवढा होता तेवढाच नंतर असला पाहिजे, साधारण २ ते ६ मिमी. कमी झाला असेल तर केबल कुठेतरी दबली आहे.

पुढचा ब्रेक धरून राहतो: याला हलकं घेऊ नका

या तक्रारीबद्दल मला सगळ्यात जास्त काळजी वाटते, कारण गॅरेजमध्ये ती सापडतच नाही.

लक्षण असं असतं. घरून निघताना ब्रेक ठीक असतो. घाट उतरायला लागलं, पुढचा ब्रेक वापरला, की थोड्या वेळाने गाडी जड वाटते. लिव्हरचा प्ले कमी होतो, लिव्हर दगडासारखा कडक लागतो. डिस्कजवळ हात नेला तर धग जाणवते. उतारावर असूनही गाडी मोकळी पळत नाही. थांबून चहा प्यायलात की सगळं पूर्ववत. मग मेकॅनिक गाडी बघतो, चाक फिरतंय, ब्रेक ऑइल आहे, पॅड आहेत. तो कॅलिपर साफ करून देतो आणि पुढच्या घाटात पुन्हा तेच घडतं.

कारण हे. मास्टर सिलिंडरमध्ये वरच्या टाकीला जोडणारं एक बारीकसं भोक असतं. लिव्हर पूर्ण सुटलेला असतानाच ते उघडं राहतं. लिव्हर जरासा दाबला की आतला पिस्टन ते भोक झाकतो आणि दाब तयार होतो. गरम झालेलं ब्रेक ऑइल प्रसरण पावतं तेव्हा जास्तीचं ऑइल याच भोकातून टाकीत परत जातं. आता गार्डची पट्टी लिव्हरला आतल्या बाजूला जेमतेम एक मिलिमीटर दाबून धरत असेल, तर भोक कायम झाकलेलं राहतं. ऑइल तापतं, फुगतं, पण जायला वाट नाही. दाब वाढतो, पॅड डिस्कला घट्ट धरतात, त्याने आणखी उष्णता, आणखी दाब. हे चक्र चालू राहिलं तर पुढचं चाक जाम होतं. वरंधा किंवा आंबेनळीच्या वळणावर पुढचं चाक धरणं म्हणजे काय, ते सांगायला नको. गाडी थंड झाली की ऑइल आकसतं, ब्रेक सुटतो, म्हणून गॅरेजमध्ये काहीच दिसत नाही.

तपासणी सोपी आहे. लिव्हर मोकळा सोडून तो बोटाने बाहेरच्या बाजूला, म्हणजे चाकाकडे ढकलून बघा. पट्टीला टेकल्याचा आवाज आला किंवा जागाच नसली, तर दोषी सापडला. पट्टी आणि लिव्हरच्या टोकाची गोळी यांच्यामध्ये कागद सरकवा. तो अडकता कामा नये. माझं म्हणणं असं की नुसता कागद जाऊन भागत नाही, निदान एक बोट मावेल एवढी जागा ठेवा, कारण फांदीच्या धडकेने किंवा पडल्यावर पट्टी आत सरकते. एक गोष्ट खास बघा: ब्रेकची नळी मास्टर सिलिंडरमधून जिथे बाहेर येते, तिथला बँजो बोल्ट (नळी जोडणारा पोकळ बोल्ट) आणि नळी गार्डच्या क्लॅम्पला खेटतात का? खेटत असतील तर गार्ड बसवताना मास्टर सिलिंडर खाली किंवा वर फिरवला गेलेला असतो आणि लिव्हरचा कोन बदललेला असतो. मास्टर सिलिंडर मूळ कोनात आणा आणि गार्डने त्याला जागा द्यावी.

रस्त्यात हा प्रकार झाला तर गाडी बाजूला घ्या, थांबा, थंड होऊ द्या. तापलेल्या डिस्कवर पाणी ओतू नका, ती वाकडी होऊ शकते. मग एलन कीने गार्ड सैल करून पट्टी लिव्हरपासून दूर फिरवा, नाहीतर उतरवून बॅगेत टाका.

बाकीच्या तक्रारी

क्लचचा लिव्हर पट्टीने दाबला गेला तर क्लच अर्धवट सुटलेला राहतो. चढावर इंजिन ओरडतं पण गाडी ओढत नाही, जळका वास येतो. क्लच प्लेट गेल्या असं समजून खर्च करण्याआधी लिव्हरला मोकळा प्ले आहे का बघा.

हँडल लॉकपर्यंत वळवल्यावर आयडलला असलेली रेस वाढत असेल तर क्लॅम्पने थ्रॉटलची केबल ओढली आहे. न्यूट्रलमध्ये, मेन स्टँडवर इंजिन चालू ठेवून हे बघा. केबल क्लॅम्पच्या वरून नेण्याऐवजी खालून न्या, किंवा क्लॅम्प सरकवा. हिमालयनच्या काचेला किंवा पुढच्या रॅकला गार्डची ढाल घासत असेल तर ढालीचा कोन बदला, पट्टीचा नको.

हाताला मुंग्या येऊ लागल्या असतील तर मूळच्या बार-एंडचं वजन निघाल्यामुळे तसं होतं. ते वजन व्हायब्रेशन दाबायलाच दिलेलं असतं. काही गार्डांना वजनदार टोकं मिळतात, ती घ्या.

पावसाळ्यात अ‍ॅल्युमिनियमची पट्टी आणि स्टीलचा बोल्ट यांच्यामध्ये पाणी राहून पांढरी भुकटी जमते. किनाऱ्याजवळ राहणाऱ्यांना, अलिबाग-रत्नागिरी-मालवणच्या पट्ट्यात, हे लवकर दिसतं. स्टेनलेसचे बोल्ट वापरा, पण एवढं लक्षात असू द्या की स्टेनलेसचा बोल्टसुद्धा अ‍ॅल्युमिनियमला कुरतडतो, फक्त स्वतः गंजत नाही. पावसाळा संपला की बोल्ट एकेक करून काढा, आटे ब्रशने साफ करा आणि थ्रेडलॉक नव्याने लावा. सगळे एकदम काढू नका, पट्टीची बसलेली जागा हरवते.

लिव्हरच्या पायाचे क्लॅम्पही या निमित्ताने बघा. खूप जण ते करकचून आवळतात. खरं तर पडल्यावर लिव्हर बारवर थोडा फिरायला हवा, म्हणजे तो मोडत नाही. बारवर प्लंबरच्या टेफ्लॉन टेपचे दोन-तीन वेढे द्या आणि त्यावर क्लॅम्प इतपतच आवळा की रोजच्या वापरात तो हलणार नाही, पण मुठीने जोरात ढकलला तर फिरेल.

गाडी पडल्यानंतर

गार्डने मार घेतला असेल तर उचलल्या उचलल्या निघू नका. थ्रॉटल पिळून सोडा, पुढचा लिव्हर बाहेर ढकलून बघा, हँडल दोन्ही बाजूंना वळवा. पट्टी आत सरकली असेल तर तिच्यावर पाय देऊन सरळ करायचा मोह होतो. तसं केलं की बार-एंड तिरका होतो. बोल्ट सैल करा, पट्टी हाताने बाहेर काढा, पुन्हा आवळा. म्हणून गार्डच्या प्रत्येक बोल्टला लागणारी एलन की टूलकिटमध्ये असलीच पाहिजे, आणि सोबत एक जास्तीचा एम८ बोल्ट आणि नट. पट्टीला वाकाजवळ किंवा भोकाजवळ चीर दिसली तर ती पट्टी घरी आल्यावर बदला. तशी पट्टी वेल्डिंग करून वापरू नका, वेल्डच्या उष्णतेने शेजारचं अ‍ॅल्युमिनियम मऊ पडतं आणि पुढच्या वेळी ती तिथेच दुमडून थेट लिव्हरवर येते.